कुत्रा सारखा खाजवतोय? आधी कुठे खाजवतोय ते बघा

कुत्रा खाजवायला लागला की आपण सगळे आधी किचनकडे धावतो. खोबरेल तेल, व्हिनेगर, कोरफड, ओट्स, हाताला लागेल ते. आणि ज्याला विचाराल त्याच्याकडे एक हमखास उपाय असतो, कारण त्याच्या कुत्र्याला त्यानेच गुण आलेला असतो. मी घरगुती उपायांच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या शेरूला वर्षभर काही ना काही चालूच असतं, पण एक गोष्ट आता पक्की कळलीये की हे उपाय खाज शांत करतात, खाजेचं कारण घालवत नाहीत. त्यामुळे काय लावू हा प्रश्न नंतरचा, आधी तो नेमका कुठे खाजवतोय ते दोन दिवस नीट बघायचं.

कंबर, शेपटीचं मूळ आणि मागच्या मांड्या कुरतडत असेल तर निम्म्याहून जास्त शंका पिसवांवर घ्या. पंजे चाटतोय, तोंड गालिच्यावर घासतोय, काखा आणि पोट लाल झालंय, कान झटकतोय, असं असेल तर ती बहुतेक हवेतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी, म्हणजे परागकण, बुरशी, घरातली धूळ आणि त्या धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे). ही साधारण ६ महिने ते ३ वर्षं या वयात सुरू होते. कानाच्या कडा आणि कोपरांवर खपल्या, खाज इतकी की त्याला झोप नाही आणि वर घरातल्या कुणाच्या तरी हातावर पण पुरळ उठलंय, मग ती खरूज असू शकते, तिथे ओट्सबिट्सचं काम नाही, औषधच लागतं. आणि अंगाला कुबट, आंबूस वास येत असेल, कातडी तेलकट झाली असेल तर कातडीवर यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलेलं असतं.

पिसवांबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथे सगळे एकच वाक्य बोलतात, "आमच्याकडे पिसवा नाहीतच, आम्हाला कधी दिसल्या नाहीत". अहो दिसणार नाहीतच. ज्या कुत्र्याला पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे त्याला एकदोन चावे पण पुरतात आणि तो इतका चाटतो-कुरतडतो की चावणारी पिसू पोटात जाते, पुरावाच गायब. म्हणून बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी केस उलटे करून कातडीला लागून फिरवा आणि फणीत जे काळं काळं येईल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. मिनिटभर थांबा. माती असेल तर माती दिसेल, पण ठिपक्याभोवती तांबूस-लाल रंग पसरायला लागला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. एवढं दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवून आधी पिसवांचा बंदोबस्त. आणि तो फक्त कुत्र्यावर करून भागत नाही, कारण अंगावर असतात त्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम ५ टक्के, बाकी अंडी, अळ्या, कोष हे सगळं त्याच्या गादीत, गालिच्यात, सोफ्याच्या फटीत. गादीची खोळ ६० अंशाच्या गरम पाण्यात धुवा, व्हॅक्यूम रोज फिरवा आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका. घरात बाकी कुत्री-मांजरं असतील तर त्यांचे पण उपचार एकाच वेळी करा, फक्त कुत्र्याचे पिसवांवरचे ड्रॉप्स मांजरावर कधीच नाही, त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराच्या जिवावर बेततं.

आता ओट्स. माझा सगळ्यात लाडका उपाय हाच, आणि यामागे खरंच काहीतरी आहे, नुसती ऐकीव गोष्ट नाही. साधे ओट्स घ्यायचे, साखर नाही फ्लेवर नाही, मिक्सरच्या कोरड्या भांड्यात पिठासारखे बारीक करायचे. बारीक झाले का ते बघायला चमचाभर पीठ ग्लासभर पाण्यात टाकून ढवळा, पाणी दुधासारखं झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही म्हणजे झालं. मग कोमट नाही, गारच्या बाजूचं पाणी घ्या, कारण गरम पाण्याने खाज वाढते. त्यात पीठ मिसळून १०-१५ मिनिटं अंगावर राहू द्यायचं. मोठ्या कुत्र्याला टबात बसवणं म्हणजे आपलीच अंघोळ, त्यापेक्षा जुन्या स्वच्छ मोज्यात पीठ भरून गाठ मारा, बादलीत बुडवा आणि तो मोजा पिळत पिळत अंगावर फिरवत राहा. नंतर साध्या पाण्याने धुऊन टॉवेलने टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि हेअर ड्रायरची गरम हवा तर नकोच. आराम पडतो, पण एखाददोन दिवसांचा, हे लक्षात ठेवा.

पंजे चाटणाऱ्यांसाठी याहून सोपं काम आहे. बाहेरून आला की चारी पंजे साध्या पाण्यात बुचकळून काढायचे, बोटांच्या मधली जागा पूर्ण कोरडी करायची. एवढ्याने पायाला चिकटलेले परागकण निघून जातात. शेरू रात्री सगळं शांत झालं की लपलप लपलप चालू करतो, त्याच्या पंज्यांचे पांढरे केस तर विटकरी झालेत (तो डाग लाळेचा असतो, धुऊन जात नाही), पण पाय धुवायला लागल्यापासून लपलप बरीच कमी झालीये.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात. खोबरेल तेल कोरड्या कोंडा झालेल्या कातडीवर अगदी बोटभर ठीक, जास्त लावलं की तो ते चाटतो आणि मग पोट बिघडतं. कोरफडीचा फक्त आतला पारदर्शक गर, सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर उलट्या-जुलाब. अ‍ॅपल सायडर व्हिनेगरचं कौतुक मला जरा अतीच वाटतं, लावायचंच तर निम्मं पाणी घालून आणि फक्त अखंड कातडीवर, ओरबाडलेल्या जागी लावलं तर बिचारा किंचाळेल. फिश ऑइलचा खरंच उपयोग होतो पण दिसायला दोन-तीन महिने जातात आणि डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांना विचारा.

आणि हे अजिबात नको. टी ट्री ऑइल, "नॅचरल" आहे म्हणून लोक सर्रास लावतात, त्याने कुत्र्याचे पाय लटपटायला लागतात, लुळे पण पडतात. वापरलेलं इंजिन ऑइल, हो, लोक अजूनही लावतात, ते विष आहे. आपली मलमं नकोत, झिंक ऑक्साइडवाली क्रीम चाटून पोटात गेली की त्रास, सोरायसिसवरच्या काही मलमांनी तर जीव जाऊ शकतो. आपल्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या मनाने देऊ नका, त्यात सर्दीचं औषध मिसळलेलं असेल तर धोका मोठा, आणि साध्या गोळीचा पण कुत्र्यांना आपल्याइतका उपयोग होत नाही.

खाण्याची अ‍ॅलर्जी म्हटलं की सगळे आधी धान्याला शिव्या घालतात, पण खरं तर बीफ, चिकन, दुधाचे पदार्थ यांची अ‍ॅलर्जी जास्त आढळते. रक्ताच्या तपासणीतून हे भरवशाने कळत नाही. एकच मार्ग, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं वेगळं खाणं निदान ८ आठवडे, आणि मध्ये काहीही नाही, बिस्किटाचा तुकडा नाही, फ्लेवरवाली चघळायची गोळीसुद्धा नाही. घरातल्या एकाने टेबलाखालून काही सरकवलं की मोजणी पहिल्यापासून सुरू.

डॉक्टरांकडे कधी? पू, रक्त, वास, केस गेलेले चट्टे, कानातून तपकिरी घाण (कॉटन बड घालू नका प्लीज), एका रात्रीत ओला लाल चट्टा, किंवा आठवडाभर सगळं करून पण फरक नाही, तर थांबू नका. तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय तर त्याच क्षणी निघा. एरवी जाताना मात्र आदल्या दिवशी अंघोळ घालू नका, तेल-मलम काही चोपडू नका, कारण ते कातडी खरवडून किंवा टेप लावून सॅम्पल घेतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात, आपण सगळं धुऊन नेलं तर त्यांना दिसणार काय. त्याऐवजी मोबाईलवर खाजवतानाचा व्हिडिओ आणि लाल जागांचे फोटो घेऊन जा, क्लिनिकच्या टेबलावर चढला की यातला एकही पठ्ठ्या खाजवत नाही.