इंग्रजी शब्दांची कुळं आणि संस्कृतचे धातू: माझा जीआरईचा अनुभव

जीआरईचा, म्हणजे परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेचा, अभ्यास सुरू केला तेव्हा गणिताची काळजी नव्हती. धास्ती होती ती व्हर्बलची, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे इंजिनिअरिंगची जाडजूड पुस्तकं. त्यांतून इंग्रजी कळायला लागलं, पण 'पुसिलॅनिमस' किंवा 'असिज्युअस' असले शब्द त्या पुस्तकांत येत नाहीत.

सगळे करतात तसं मीही छापील शब्दयादीपासून सुरुवात केली. यादी एबीसीडीप्रमाणे लावलेली: अबेट, अ‍ॅबरंट, अबेयन्स, अ‍ॅबस्कॉन्ड. शेजारी बसलेल्या या शब्दांचं एकमेकांशी अर्थाचं काहीच नातं नाही, त्यामुळे एक आठवला म्हणून दुसरा आठवत नाही. पाठांतर होतं, पण आठवड्याभरात विरून जातं.

वाट सापडली ती 'असिज्युअस'पाशीच. अर्थ चिकाटीने, सातत्याने काम करणारा. शब्दकोशात खाली व्युत्पत्ती दिली होती: लॅटिन 'सेदेरे', म्हणजे बसणे. जवळ बसून राहणारा तो असिज्युअस. हा 'सेद' म्हणजे आपला 'सद्' धातू. आठवीपासून संस्कृत घेतलेलं असल्यामुळे सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद हे सगळं एका झटक्यात डोळ्यांपुढे आलं. हा योगायोग नव्हे. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि ती भाषा कदाचित आता उरलेली नाही. हे वाक्य मला शाळेपासून माहीत होतं. त्याचा परीक्षेत उपयोग होईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वहीचं एक पान 'सद्'च्या नावाने काढलं. सेडेंटरी म्हणजे बैठा, बैठ्या कामाचा. सेडिमेंट म्हणजे तळाशी बसलेला गाळ. प्रेसिडेंट म्हणजे पुढे बसणारा. डिसिडंट म्हणजे वेगळा बसणारा, सत्तेशी न पटणारा. इन्सिडिअस म्हणजे दबा धरून बसलेलं, नकळत घात करणारं. लॅटिनमध्ये त्यामागे दबा धरण्याचीच कल्पना आहे आणि मराठीतही तिथे 'बसणं'च येतं. ऑब्सेशन म्हणजे डोक्यात ठाण मांडून बसलेला विचार. मुळात तो शब्द शहराला वेढा घालून बसण्याचा. सुपरसीडचा अर्थ वर बसणे, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये 'सी' नाही, 'एस' येतो. ही चूक भलेभले करतात, पण धातू माहीत असला की स्पेलिंग पाठ करावं लागत नाही. 'सेद'चं कुठे 'सिद' होतं, कुठे 'सेस' होतं, हेही खटकलं नाही. आपल्याकडे 'सद्'चंच सीदति होतं, प्रसन्न होतं, विषाद होतो.

मग शाळेत संस्कृतच्या बाईंनी पाठ करून घेतलेला श्लोक कामाला आला:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला ओढून भलतीकडे नेतो. धातू एकच, पण प्रहार वेगळा आणि आहार वेगळा. इंग्रजीतल्या लॅटिन शब्दांची सगळी यंत्रणा या दोन ओळींत आहे, असं मला आजही वाटतं. ज्यांनी शाळेत संस्कृत केलं आहे, किंवा नुसते मराठीतले तत्सम शब्द जाणतेपणाने वापरले आहेत, त्यांच्या हातात हे हत्यार आधीपासून असतं. मराठी माध्यमाच्या मुलांना हे कुणी सांगत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पुढची पानं भराभर झाली. 'जन्'चं पान: जेनेसिस, कन्जेनिटल, इन्डिजिनस आणि प्रोजेनी. प्रोजेनी म्हणजे तर हुबेहूब 'प्रजा', उपसर्गासकट. 'वाच्'चं पान: व्होसिफरस, इक्विव्होकल, इर्रेव्होकेबल, आणि रोजच्या ओळखीचे अ‍ॅडव्होकेट, कॉन्व्होकेशन. 'श्रद्धा'च्या पानावर क्रेडिट, क्रीडन्स, क्रेड्युलस, इन्क्रेड्युलस. 'अनिल' आणि 'प्राण' यांच्यात जो श्वासाचा 'अन्' आहे, त्याच्याकडे मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, इक्वनिमिटी म्हणजे समचित्त वृत्ती, आणि तो पुसिलॅनिमस, इवल्याशा मनाचा, म्हणून भित्रा.

इथे एक सावधगिरी हवी. धातू शब्दाचा जन्म सांगतो, आजचा अर्थ सांगेलच असं नाही. लॅटिन 'ग्रेक्स' म्हणजे कळप. त्यावरून कॉन्ग्रिगेट, गुणपत्रिकेवरचं अ‍ॅग्रिगेट, कचऱ्याचं सेग्रिगेशन आणि माणसांत रमणारा ग्रिगेरिअस. याच कुळातला इग्रीजिअस म्हणजे कळपातून उठून दिसणारा, आणि एकेकाळी इंग्रजीत तो 'नामांकित' अशा चांगल्या अर्थाने वापरत. आज त्याचा अर्थ आहे ढळढळीत वाईट. कुळावरून अंदाज बांधला तर उत्तर उलटंच येईल. काही वेळा दिसायला सारखे शब्द एका घरचेही नसतात. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' आपल्या 'पदा'चा, तर पेडगॉगमधला 'पेड' ग्रीक, मुलाचा. 'इन'ही दोन आहेत. इन्क्रेड्युलसमधला नकाराचा, आपल्या 'अ'सारखा, इन्सिडिअसमधला 'आत'चा.

म्हणून उजवं पान वाक्यांसाठी ठेवलं. प्रत्येक शब्दाचं एक वाक्य, वर्तमानपत्रातून किंवा मासिकातून उचललेलं, स्वतः बनवलेलं नाही. परीक्षेची रचनाही तेच मागते. २०११ साली जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायच्या अ‍ॅनॉलॉजी गेले. आता शब्द वाक्यातच विचारतात. २०२३ पासूनच्या छोट्या परीक्षेत व्हर्बलचे २७ प्रश्न ४१ मिनिटांत सोडवायचे असतात. त्यातल्या सेन्टेन्स इक्विव्हॅलन्समध्ये सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे, की वाक्याचा अर्थ सारखाच राहील. एकच बरोबर आला तर गुण नाही. तिथे कुळ पुरत नाही: क्रेडिबल, क्रेडिटेबल आणि क्रेड्युलस ही सख्खी भावंडं, पण अर्थ तीन. त्यासाठी अर्थाचे गट वेगळे करावे लागले. बडबड्यांच्या गटात लक्वेशस, गॅर्युलस, व्हर्बोज. अबोलांच्या गटात टॅसिटर्न, रेटिसंट, लॅकॉनिक. कुळामुळे शब्द लक्षात राहिला, गटामुळे तो वापरता आला. दोन्हींपैकी एक सोडून चाललं नसतं.

उच्चार मात्र मोठ्याने म्हणूनच बसवावे लागले. मॅग्नॅनिमसमध्ये जोर 'नॅ'वर, मॅग्ननिमिटी झालं की तो 'नि'वर सरकतो. आपल्याकडे शब्दावरच्या जोराने फारसं बिघडत नाही, त्यामुळे हे कानाला सवयीचं नसतं. मी प्रत्येक कुळ कोशातल्या उच्चाराबरोबर म्हणत असे.

व्हर्बलचा स्कोअर हवा होता तेवढा आला. वही अजून चालू आहे, आता ग्रीकची पानं भरते आहे: पॅथ, लॉग, अँथ्रप.

ज्यांना जीआरई द्यायची नाही, पण इंग्रजीतून पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन करायचं आहे, त्यांनी न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी बघावी. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. तिथे कुटुंब म्हणजे एकाच शब्दाची रूपं: अ‍ॅनलाइझ, अ‍ॅनॅलिसिस, अ‍ॅनॅलिटिकल. सद् किंवा जन् शोधायच्या आधी ही पहिली दहावीस कुटुंबं सगळ्या रूपांसकट, वाक्यांत वापरून पक्की करावीत. आणि शब्दकोश घेताना व्युत्पत्ती देणाराच घ्यावा, मग तो कागदी असो की फोनवरचा.