बाहेरची पोरे

आज सकाळी व्याह्यांना पंचगंगा घाट दाखवायला नेले, आणि परतल्यापासून माझेच एक वाक्य मला सलते आहे. देवळाच्या काळ्या दगडावर कुणीतरी पिवळ्या ऑइलपेंटने वीतभर उंचीची अक्षरे रंगवली आहेत. व्याह्यांनी चष्मा सावरून ती वाचली आणि काही विचारले नसताना मीच बोलून गेलो, "बाहेरची पोरे असतात हो, आमच्यात असे कुणी करत नाही." दगडावर लिहिले होते, 'जगात भारी कोल्हापुरी'. व्याही काहीच बोलले नाहीत. निदान हसायचे तरी!

खोटे का बोललो, हे दिवसभर उकरतो आहे. सुमीच्या सासरी आता हे सांगितले जाईल, ते जाऊ दे. पण जन्मभर या गावाचे गोडवे गायचे आणि शेवटी व्याह्यांसमोर मान खाली घालायची, हेच का माझ्या वाट्याला यावे?

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीला पोहोचते, त्याच्या कितीतरी आधी हा घाट बुडालेला असतो; २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या दगडाचे काही वाकडे केले नाही, आणि पूर ओसरल्यावर चिखल उपसायला आमच्या पेठेतली पोरेच धावली होती. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले नाट्यगृह, आपले केशवराव भोसले, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळत होते, तेव्हा माझ्याशेजारी विशीतला एक मुलगा हुंदके देत उभा होता. पिवळ्या रंगाचा डबा उघडणारा मला राहून राहून त्या मुलासारखाच दिसतो, कारण गावावर राग असलेला माणूस असले वाक्य लिहिणार नाही. शिव्या घालाव्यात असा कुणी परका सापडत नाही, ही खरी पंचाईत आहे. ते वाक्य मीही लग्नाच्या बैठकीत, याच व्याह्यांना, दोनदा ऐकवले होते.

संध्याकाळी टर्पेंटाइनची बाटली आणि जुने फडके घेऊन एकटाच घाटावर गेलो. रंग दगडाच्या बारीक भोकांत मुरलेला होता. अर्धा तास घासल्यावर 'भारी' तेवढे फिकट झाले आणि दुप्पट पसरले. पायऱ्या उतरणारा एक तरुण थांबला, माझ्या पिवळ्या हातांकडे पाहत म्हणाला, "काय लिहायलायसा, काका?"

मी बाहेरचा आहे असे सांगून टाकावे, असे क्षणभर मनात येऊन गेले.