अंगावर काढलेले सात महिने

पहिल्यांदा शौचाला काळं झालं त्या सकाळी मी पाणी सोडलं आणि कामाला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डांबरासारखं काळं, चिकट, भांड्याला धरून बसणारं. वासही नेहमीचा नव्हे, काहीतरी कुजल्यासारखा. आदल्या दिवशी काय खाल्लं होतं ते आठवून पाहिलं. काही जुळेना. तरी म्हटलं, असेल काहीतरी. असल्या गोष्टी कोणाला सांगायच्या, आणि सांगायच्या तरी कशा?

दुखणं त्याच्या सात महिने आधीपासूनचं. बेंबीच्या चार बोटं वर, बरोबर मधोमध, आतून कोणीतरी कुरतडावं तसं. पोट रिकामं झालं की सुरू व्हायचं. रात्री दोन-अडीचला जाग यायची, उठून दोन घास खाल्ले की तासाभरात शांत. खाल्ल्यावर बरं वाटतंय म्हणजे पोट चांगलं आहे, असा माझा तर्क. मधूनमधून करपट ढेकरा, थोडी मळमळ. याला आपल्याकडे एकच शब्द असतो, पित्त. तो शब्द एकदा उच्चारला की पुढे विचार करायची गरज उरत नाही.

एकदा दवाखान्यात जाऊन आलेही होते. ‘पित्ताचा त्रास आहे’ म्हणाले, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या, ‘टेन्शन घेऊ नका’ असंही ऐकून आले. तीन मिनिटांत बाहेर. तिथे मला कोणी फार काही विचारलं नाही याचा राग पुढे बरेच दिवस होता. पण खरं सांगायचं तर लक्षणं सांगायला मी गेलेच नव्हते, निदान घेऊनच गेले होते. समोरच्याने त्यावर फक्त शिक्का मारला. गोळीने बरं वाटायचं, संपली की पुन्हा सुरू. मग दुकानातून स्वतःच आणायला लागले. कधी घ्यायची, कधी विसरायची.

मग दम लागू लागला. दोन मजले चढताना मधल्या वळणावर थांबून, फोन बघत असल्याचा बहाणा करायचे. चेहरा फिका दिसतो असं दोघी-तिघींनी सांगितलं. ‘बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं’ असं मीच त्यांना ऐकवलं. या वाक्यात एक भोक होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. माझं वय ५२. पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. महिन्याच्या महिन्याला रक्त जाण्याचा मार्ग बंद झालेला असताना रक्त कमी होतंय, तर ते जातंय कुठे?

काळ्या शौचाचा दुसरा दिवस होता त्या संध्याकाळी उभी राहिले आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. ओट्याला धरून खाली बसले. लेकीने विचारलं, ‘आई, खरं सांग, काय काय होतंय?’ आणि मी पहिल्यांदा सगळं ओळीने सांगितलं. काळ्या रंगापाशी आल्यावर ती एकदम गप्प झाली. ‘हे कालपासून होतंय? आणि तू आत्ता सांगतेस?’

या वेळच्या डॉक्टर वेगळ्या होत्या. त्यांनी ‘किती दुखतं?’ हा प्रश्न जवळजवळ विचारलाच नाही. त्यांचे प्रश्न असे: रात्री दुखण्याने जाग येते का? वजन आपोआप उतरलंय का? गिळताना घास अडकतो का? उलटी झाली का, तिचा रंग कॉफीच्या चोथ्यासारखा होता का? घरात कोणाला पोटाचा किंवा आतड्याचा कॅन्सर होता का? लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? लोहामुळेही शौचाला काळं होतं म्हणे. माझ्या चालू नव्हत्या. मग झोपवून रक्तदाब आणि नाडी पाहिली, उभं करून पुन्हा पाहिली. उभी राहिल्यावर नाडी पळायला लागली होती.

शेवटचा प्रश्न, ‘दुसरी कुठली औषधं घेता?’ मी म्हटलं, नाही. लेक म्हणाली, ‘आई, गुडघ्याची गोळी?’ मी म्हटलं, ‘ती गुडघ्याची आहे, पोटाची नाही.’ हे वाक्य आमच्या घरात अजून चेष्टेने म्हटलं जातं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. जवळजवळ वर्षभर मी गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेत होते, आठवड्यातून चार-पाच दिवस. जठराच्या आणि आतड्याच्या अस्तरावर चिकट द्रवाचा थर असतो, तो टिकवून ठेवणारी काही रसायनं शरीर स्वतः तयार करतं. दुखणं थांबवणारी ही गोळी तीच रसायनं कमी करते. संरक्षण पातळ होतं आणि आम्ल आपल्याच अस्तराला खायला लागतं. ‘पण मी जेवल्यावरच घ्यायचे,’ मी म्हटलं. त्यावर त्यांनी सांगितलं की गोळी रक्तात मिसळल्यावरही हाच परिणाम करते, त्यामुळे नुसतं भरल्या पोटी घेऊन धोका जात नाही. वर्षभर ज्या एका नियमावर मी निर्धास्त होते, तो असा एका वाक्यात निकालात निघाला.

आणि काळा रंग? वरच्या बाजूला, जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्तस्राव झाला, की ते रक्त खाली येईपर्यंत पचतं आणि काळं पडतं. साधारण ५० ते १०० मिलिलिटर रक्त गेलं तरी रंग बदलू शकतो. ‘पहिल्याच दिवशी यायला हवं होतं तुम्ही. आणि चक्कर आल्यावर तर माझ्याकडेही नाही, थेट इमर्जन्सीत,’ असं म्हणून त्यांनी त्याच रात्री मला रुग्णालयात पाठवलं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. बायकांत ते निदान १२ असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एंडोस्कोपी, म्हणजे घशातून नळी घालून पोट आतून पाहणं. या शब्दाची मला इतकी धास्ती होती की रक्त जातंय याची भीती मागे पडली. रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं, शिरेतून औषध चालू. घशात कडवट फवारा मारला आणि दोन मिनिटांत गिळलेली थुंकी कुठे गेली ते कळेना, जीभ दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी. डाव्या कुशीवर झोपवलं, दातांमध्ये प्लास्टिकची कडी. गुंगीचं इंजेक्शन दिलं तरी नळी घशातून जाताना एक जोराची ओकारी आली. ‘नाकाने श्वास घ्या, लाळ बाहेर गळू द्या,’ असं सिस्टर कानाशी सांगत राहिली आणि तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तेवढं आठवतं. मला अर्धा तास वाटला. प्रत्यक्षात दहा मिनिटंही लागली नव्हती.

जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे अल्सर होता. स्राव तेव्हा थांबलेला. जठराच्या अस्तराचे बारीक कण काढून त्यांतला एक पिवळ्या जेलीच्या छोट्या पट्टीत टाकला होता. तासाभराने सिस्टरने ती पट्टी मला दाखवली. पिवळं जाऊन गडद गुलाबी झालं होतं. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आत होता. तो युरियापासून अमोनिया तयार करतो, म्हणून रंग बदलतो. माझ्या आम्लाच्या गोळ्या चालू असल्यामुळे रंग बदलला नसता तरी त्यावर विसंबता आलं नसतं, जिवाणू लपून राहतो, असं डॉक्टर म्हणाले. तर दोघांनी मिळून केलेला उद्योग होता हा, जिवाणूने आणि गुडघ्याच्या गोळीने.

या जिवाणूची गोष्ट मी रुग्णालयातल्या पलंगावर पडल्यापडल्या वाचली. अल्सर चिंतेने आणि जेवणाखाणातल्या चुकांनी होतो असंच कितीतरी दशकं मानलं जायचं. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन हे दोघे १९८२ पासून जिवाणूकडे बोट दाखवत होते, पण फारसं कोणी मनावर घेईना. शेवटी १९८४ मध्ये मार्शलनी तो जिवाणू स्वतःच पिऊन टाकला आणि काही दिवसांत जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आणि मला मात्र अजूनही ‘टेन्शन घेऊ नका’ सांगितलं जात होतं!

उपचार कंटाळवाणे होते. चौदा दिवस रोज मूठभर गोळ्या, तोंडात सतत नाणं चघळल्यासारखी चव. नवव्या दिवशी सोडून द्यावंसं वाटलं, पण अर्धवट सोडलं तर उरलेला जिवाणू त्या औषधांना दाद देत नाही हे बजावलेलं होतं. आम्लाची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. आजवर मी ती जेवल्यावर घेत आले होते, म्हणजे तिचाही निम्मा उपयोग वायाच गेला असणार. वय पाहता पुढे मोठ्या आतड्याचीही तपासणी करून घेतली. ती स्वच्छ निघाली. तपासणीपेक्षा आदल्या दिवशीची तयारी जास्त छळते, एवढंच सांगते.

माझी धाकटी बहीण माझ्या अगदी उलट. तिचं पोट दोन वर्षं दुखतंय, कधी बद्धकोष्ठ, कधी धावपळ, आणि दुखणं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. पण शौचाला जाऊन आली की तिचं दुखणं कमी होतं, झोपेतून तिला कधी उठावं लागलेलं नाही, वजन आहे तिथेच, रक्ताच्या तपासण्या ठीक. तिला आयबीएस आहे. म्हणजे आतड्याला जखम नाही, पण आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला. त्रास खरा आहे, जिवाला धोका नाही. आम्हा दोघींना शेजारी बसवून ‘कोणाला जास्त दुखतं?’ असं विचारलं असतं, तर रुग्णालयात तिला पाठवलं असतं आणि मी घरी आले असते. तिला मी आता सांगते, दुखण्याची तऱ्हा बदलली तर थांबू नकोस.  दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन खाली उजवीकडे सरकलं, किंवा पोट फळीसारखं कडक झालं, तर तासही घालवायचा नाही. आणि छातीत जळजळ वाटतेय, पण सोबत घाम, दम किंवा जबड्यात-हातात कळ असेल, तर ते पित्त समजून गोळी चघळत बसायचं नाही, आधी हृदय तपासायचं.

घरी आल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या सकाळी पुन्हा काळं! हातपाय गार पडले, तशीच फोनपाशी गेले. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘चिकट आहे? तसाच वास आहे? चक्कर?’ तिन्हींना नाही. काळपट हिरवं, बांधलेलं, वास नेहमीचा. ‘लोहाचं आहे. पण विचारलंत ते बरं केलंत.’

जिवाणूची औषधं संपून महिना उलटल्यावर, आम्लाची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची तपासणी झाली. एक द्रव प्यायचा आणि पिशवीत फुंकायचं. जिवाणू गेला होता. हिमोग्लोबिन १२ च्या वर यायला मात्र चार महिने लागले.

गेल्या महिन्यात दाढ काढली. दंतवैद्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली तशी मी म्हटलं, ‘एक मिनिट, मला अल्सर होऊन रक्त गेलंय.’ त्यांनी वर पाहिलं, दुसरी ओळ खोडली आणि तिथे पॅरासिटामॉल लिहिलं.