बिडाचं कडं आणि मे महिन्यातला वारा

माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक पिस्टन आहे. डिझेल इंजिनचा, मधोमध उभा कापलेला. कापलेली बाजू मी पॉलिश करून घेतली आहे. सगळं अंग अॅल्युमिनियमचं, पांढरं. माथ्यापासून थोडं खाली, डावीकडे आणि उजवीकडे, नखाएवढा एकेक करडा चौकोन दिसतो. तो बिडाचा. पिस्टनच्या पोटात बिडाचं अख्खं कडं बसवलेलं आहे, त्याचे हे दोन छेद. डावीकडच्या चौकोनाच्या कडेवरून नख फिरवलं तर कुठेच अडकत नाही. उजवीकडच्याचं पुढे सांगते.

मी पिस्टनच्या फाउंड्रीत क्वालिटीला आहे, सतरा वर्षं झाली. माहेर कोल्हापूरचं, वडील उद्यमनगरात मोल्डर होते, त्यामुळे बीड हा शब्द मला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत. पुण्यात येऊन अॅल्युमिनियमच्या कामाला लागले तेव्हा वडील म्हणाले होते, "हलक्या धातूचं काम हलकं समजू नकोस." ते किती खरं होतं ते मला या कड्याने शिकवलं.

कडं लागतंच कशाला? डिझेल इंजिन २४०० आरपीएमवर चालत असेल तर पिस्टन सेकंदाला ४० वेळा वर-खाली करतो. तो जड असून चालत नाही, म्हणून अॅल्युमिनियम. बिडाची घनता ७.२, अॅल्युमिनियमची २.७. पण दाब अडवायला पिस्टनभोवती खाचांत रिंगा बसवतात, त्यातल्या पहिल्या रिंगच्या खाचेला जाळाची धग आणि दाब सगळ्यात जास्त. तिथे अॅल्युमिनियम मऊ पडतं, रिंग आपटून आपटून खाच रुंद होते, मग दाब गळतो, ऑइल वर चढतं आणि गाडी निळा धूर सोडते. म्हणून तेवढ्याच जागी बीड घालायचं आणि खाच त्या बिडात कापायची. याला आम्ही रिंग कॅरियर म्हणतो, लाइनवर नुसतं 'कडं'.

साधं बीड मात्र इथे चालत नाही. १०० मिलिमीटर व्यासाचं अॅल्युमिनियम २०० अंशांनी तापलं तर साधारण ०.४० मिलिमीटर फुगतं. साधं बीड तेवढ्याच तापमानाला ०.२२च फुगतं. दोघांना एकत्र बांधून रोज तापवा-निववा, ती गाठ किती दिवस टिकणार? म्हणून नाय-रेझिस्ट नावाचं बीड वापरतात. त्यात १३.५ ते १७.५ टक्के निकेल आणि त्याशिवाय तांबं असतं. ते ०.३७च्या आसपास फुगतं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या जवळजवळ बरोबरीने. कडी आली की मी पहिल्यांदा चुंबक लावून बघते. साध्या बिडाला चुंबक टच्कन चिकटतं, याला जवळपास धरतच नाही.

आता खरी अडचण. साच्यात कडं ठेवलं आणि वरून वितळलेलं अॅल्युमिनियम ओतलं, म्हणजे झालं जोडकाम, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं केलं तर अॅल्युमिनियम निवताना आकसून कड्याला घट्ट धरतं, एवढंच. ही पकड झाली, जोड नव्हे. अॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडची पातळ साय धरते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण ही साय २००० अंशांच्याही वर. आमच्या भट्टीत ती वितळणं शक्यच नाही. दोन धातूंच्या मध्ये ती आली की ते एकमेकांना शिवतच नाहीत.

यावरचा उपाय मला पहिल्यांदा समजला तेव्हा आमच्या गल्लीतला कल्हईवाला आठवला. पितळेचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, त्याचा पांढरा झणझणीत धूर उठायचा, मग कथलाची कांडी लावून कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचा. नवसागराने पितळेवरचा मळ गेला नाही तर कथील थेंबाथेंबाने घरंगळतं, पसरत नाही. आमची अल्फिन नावाची पद्धत तेच करते. ही पद्धत अमेरिकेत फेअरचाइल्ड कंपनीने विमानाच्या इंजिनांसाठी काढली. पोलादी सिलिंडरवर अॅल्युमिनियमच्या फिन्स, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या, ओतायच्या होत्या. आपण कडं स्वच्छ करून सातशे अंशांच्या वर तापलेल्या अॅल्युमिनियमच्या कुंडीत काही मिनिटं बुडवतो. तिथे लोखंड आणि अॅल्युमिनियम मिळून मध्ये एक नवाच थर तयार होतो, केसाहून पातळ. हा थर कडक पण ठिसूळ असतो. कमी बुडवलं तर धरत नाही, जास्त बुडवलं तर थर जाड होऊन तडकतो. शिवाय दर कड्यातलं थोडं लोखंड कुंडीत उतरत राहतं, म्हणून कुंडी मध्येमध्ये बदलावी लागते. नंतर कडं बाहेर काढायचं, साच्यातल्या पिनांवर ठेवायचं आणि लगेच ओतायचं. हे 'लगेच' काही सेकंदांचं असतं, आणि ते सगळं माणसाच्या हातात असतं.

हे फक्त पिस्टनमध्येच होतं असं नाही. बीएमडब्ल्यूने २००४ साली सहा सिलिंडरच्या इंजिनाचा ब्लॉक असाच केला. आत सिलिकॉन भरपूर असलेल्या अॅल्युमिनियमचा गाभा, त्याभोवती ओतलेलं मॅग्नेशियम, जे अॅल्युमिनियमहूनही हलकं. पाणी फिरवायच्या वाटा अॅल्युमिनियमच्या गाभ्यातच ठेवल्या, कारण मॅग्नेशियमला पाणी सोसत नाही. बोल्टसुद्धा पोलादी न घेता अॅल्युमिनियमचे घेतले, गंज लागू नये म्हणून. अशी कल्पकता वाचली की मला मनापासून आनंद होतो.

आता उजवीकडचा चौकोन.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. कडं नीट धरलंय का हे बघायला आम्ही पिस्टन पाण्याच्या टाकीत फिरवतो आणि ध्वनिलहरी सोडतो. जोड चांगला असेल तर लहर पार जाते, सुटलेला असेल तर तिथूनच परत येते, आणि स्क्रीनवरच्या गोलात तेवढा भाग लाल होतो. त्या आठवड्यात दिवसपाळीचे पिस्टन लाल यायला लागले. लाल सगळीकडे नाही, घड्याळात चार वाजतात त्या जागी, प्रत्येक पिस्टनमध्ये तिथेच. रात्रपाळीचा माल मात्र स्वच्छ.

कुंडीतलं लोखंड तपासलं, ठीक. कडी चुंबकाने पाहिली, पुसण्याचं द्रावण बदललं, तापमापक नवा घातला. दोन दिवस गेले, लाल जाईना. तिसऱ्या दिवशी मी कुंडीशेजारी नुसती उभी होते. लाइनवरचे मामा सांडशीने कडं उचलत होते. ते म्हणाले, "ताई, नीट बघा. भाईर काढलं की कडं आरशागत चमकतंय. साच्यापतुर जाईस्तोवर या अंगाची चमक जाती, त्या अंगाची ऱ्हाती."

मी पाहिलं. खरंच, कड्याची एक बाजू दुधावर साय धरावी तशी मंद होत होती. आणि त्याच बाजूने वारा येत होता. तो मॅनकूलरचा, म्हणजे मोठ्या पंख्याचा. हा पंखा आठवड्यापूर्वी मीच लावून घेतला होता. मे महिन्यात सातशे अंशांच्या कुंडीपुढे आठ तास उभं राहणाऱ्या माणसांचे हाल मला बघवत नव्हते. मामा दर वेळी एकाच पद्धतीने सांडशी धरायचे, म्हणून दर वेळी कड्याची तीच बाजू वाऱ्यापुढे यायची, तिथलं अॅल्युमिनियम आधीच गोठायचं आणि त्यावर साय धरायची. रात्रपाळी तो पंखा लावतच नव्हती.

खात्रीसाठी वीस पिस्टन पंखा चालू ठेवून ओतले, वीस बंद ठेवून. बंद ठेवलेले वीसही स्वच्छ आले.

वरून लगेच निरोप आला, पंखा काढून टाका. मी नाही म्हणाले. माल वाचवायचा म्हणून माणसं भाजून काढायची हे मला मान्य नव्हतं, आजही नाही. मामांनीच खडूने फरशीवर आखून दाखवलं. पंखा पाठीमागे न्यायचा, कुंडी आणि साच्याच्या मध्ये वाऱ्याच्या बाजूला पत्रा उभा करायचा आणि कुंडी साच्याकडे दोन पावलं सरकवायची. शनिवारी सुट्टीत ते करून घेतलं. सोमवारी पहिला पिस्टन टाकीत फिरला तेव्हा मामा हात पुसत माझ्यामागे येऊन उभे राहिले. गोल पूर्ण हिरवा आला.

लाल आलेल्यांपैकी एक पिस्टन मी कापून ठेवला, तोच हा टेबलावरचा. उजवीकडच्या चौकोनाच्या कडेला भिंगातून पाहिलं तर एक काळी रेघ दिसते. तिथे ब्लेडचं टोक अलगद आत जातं. नवीन मुलं रुजू झाली की मी त्यांच्या हातात हा पिस्टन आणि एक ब्लेड देते आणि मामांकडे पाठवते.