चेंडू तुझ्याकडे आला कुठून?

आमच्या फुटबॉलच्या सरांना ‘हे यश संपूर्ण संघाचं आहे’ हे वाक्य ऐकवत नसे. संघ म्हणून खेळायला शिकवणारा माणूस, आणि त्यालाच हे वाक्य नको, याचं बाहेरच्यांना नवल वाटायचं. सरांचं म्हणणं असं, की हे वाक्य बोलणारा खरं तर कुणाचंच नाव घेत नसतो. ‘सगळ्यांचं’ म्हटलं की कुणी काय केलं हे आठवायचा त्रास वाचतो. “सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं? नावं सांग,” असं ते म्हणत, आणि नावं सांगेपर्यंत समोरच्याला सोडत नसत.

मी त्या संघाचा दुसरा गोलकीपर. बहुतेक सामने मी बेंचवर, सरांच्या शेजारी बसून काढले. खेळायला फारसं मिळालं नाही, ऐकायला मात्र भरपूर मिळालं. मैदानातल्या मुलांपर्यंत सरांचा फक्त आरडाओरडा पोचायचा. पुटपुटणं माझ्या वाट्याला यायचं. गोल झाला की सगळे गोल मारणाऱ्याच्या अंगावर उड्या टाकत. सर त्या घोळक्याकडे बघतसुद्धा नसत. मागे आपल्याच हाफमध्ये कुणीतरी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा असे, त्यांची नजर त्याच्यावर. “यानं काढला तो,” एवढंच म्हणत, तेही स्वतःशीच.

सामना संपला की वही निघायची. साधी दोनशे पानी वही आणि मागे रबर असलेली पेन्सिल. आम्ही गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत असू आणि सर गोल मारणाऱ्याला विचारत, “चेंडू तुझ्याकडे आला कुठून?” त्यानं पास देणाऱ्याचं नाव सांगायचं. मग पास देणाऱ्याला तोच प्रश्न. असं करत करत मागे जायचं, थेट चेंडू आपल्या ताब्यात आला त्या क्षणापर्यंत. वहीत गोल उलटा लिहिला जायचा: सर्वांत वर गोल मारणारा, खाली पास देणारा, त्याच्या खाली त्याला देणारा, आणि तळाशी ज्यानं टॅकल करून चेंडू हिसकावला तो. पासच्या ओळींच्या बाजूला आणखी एक रकाना असायचा, ‘चेंडूशिवाय’ असं शीर्षक असलेला. चेंडूला पायही न लावता ज्यानं गोलाला हातभार लावला त्याचं नाव तिथे. कुणी समोरच्या बॅकला, म्हणजे बचावपटूला, आपल्यामागे ओढून नेलं, कुणी नुसती हाक मारून मागून येणाऱ्याची कल्पना दिली, कुणी आपण पळत सुटून दुसऱ्याला जागा करून दिली.

नियम एकच होता. स्वतःचं नाव स्वतः सांगायचं नाही. ते दुसऱ्यानं सांगितलं तरच वहीत येणार. त्यामुळे व्हायचं काय, की सामना चालू असताना दुसरा काय करतोय याकडे लक्ष ठेवणं भाग पडायचं. नाहीतर संध्याकाळी विचारल्यावर सांगणार काय? पेन्सिल ठेवण्याचं कारणही तेच. “सर, त्याच्या आधी थ्रो-इन झाला होता,” असं कुणाला मागाहून आठवायचं आणि अर्धं पान खोडलं जायचं. दोघा जिवलग मित्रांनी एकदा ठरवून एकमेकांची नावं घुसडायला सुरुवात केली. सरांनी दोन-तीन सामने चालू दिलं. मग एकाला अगदी सहज विचारलं, “डाव्या पायानं दिला होता की उजव्या?” गडी अडखळला. बाकीचे एवढे हसले की तो उद्योग तिथेच बंद पडला.

याचा खेळावर काय परिणाम झाला, ते मी बेंचवरून सावकाश पाहिलं. आमचा स्ट्रायकर आधी चेंडू गेला की जागेवर उभा राहून हात उडवायचा. चेंडू हिसकावणाऱ्याचं नावही लिहिलं जातं हे कळल्यावर तो मागे पळायला लागला. बॅक लोक पुढे चढायला लागले, कारण ‘चेंडूशिवाय’च्या रकान्यात त्यांना जागा होती. संघभावनेवर एकही भाषण झालं नव्हतं. पोरं ज्या गोष्टीची नोंद होते ती करतात, एवढं साधं गणित सरांनी ओळखलं होतं. मला वाटतं मोठ्यांचंही याहून काही वेगळं नसतं.

सर उदाहरणं द्यायचे ती विश्वचषकातली. त्यांचा लाडका गोल 1970 च्या अंतिम सामन्यातला, ब्राझीलनं इटलीविरुद्ध मारलेला चौथा. मेक्सिको सिटीतला तो सामना ब्राझीलनं 4-1 असा जिंकला. फळ्यावर खडूनं तो गोल ते आमच्या वहीसारखाच उलटा काढायचे. शेवटचा फटका कप्तान कार्लोस अल्बर्टोचा. त्याला चेंडू दिला पेलेनं, तोही न बघितल्यासारखा, हलकेच उजवीकडे सरकवून. पेलेला दिला जाइरझिन्होनं, जाइरझिन्होला रिव्हेलिनोनं, आणि त्याच्याही आधी आपल्याच हाफमध्ये क्लोदोआल्दोनं एकामागून एक इटालियन खेळाडूंना चकवलं होतं. इथपर्यंत आल्यावर सर खडू थांबवून विचारायचे, “पण उजवी बाजू एवढी मोकळी कशी?” मग तेच उत्तर द्यायचे. जाइरझिन्हो खरा उजव्या बाजूचा खेळाडू. तो डावीकडे सरकला, त्याच्यावर लक्ष ठेवणारा फाकेत्ती त्याच्यामागे गेला आणि उजवीकडे कार्लोस अल्बर्टोला धावत यायला अख्खं रान मोकळं मिळालं. म्हणजे जाइरझिन्होचं नाव दोन रकान्यांत. पेलेचं नाव जगाला ठाऊक आहे, कार्लोस अल्बर्टोचंही. सरांना ती रिकामी उजवी बाजू कुणामुळे झाली हे आम्हाला दाखवायचं असे.

दुसरं उदाहरण 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं. ते सांगताना त्यांचा आवाज थोडा बदलायचा. भारतानं अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असं हरवून सुवर्णपदक जिंकलं, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नैलसिंग यांचे. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, जे स्वतः शिक्षक होते. सरांना त्याचा फार अभिमान. जर्नैलसिंग मुळात बचावपटू. स्पर्धेत त्याच्या डोक्याला जखम झाली, आणि रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसवता पुढे, आक्रमणात खेळवलं. त्यानं अंतिम सामन्यात गोल केला. “आता सांगा,” सर म्हणायचे, “जर्नैल पुढे गेला तेव्हा मागची त्याची जागा कुणी सांभाळली?” वर्गात एकालाही सांगता यायचं नाही. सर फळा पुसायला घ्यायचे. उत्तर त्यांनी आम्हाला कधीच दिलं नाही, शोधा म्हणायचे.

याचा अर्थ सगळ्यांच्या पाठीवर सारखीच थाप, असं मुळीच नव्हतं. आमच्या डाव्या विंगच्या मुलानं एका सामन्यात स्वतःच्याच हाफमध्ये समोरच्याकडून चेंडू काढून घेतला, तिघांना चकवलं आणि लांबून असा काही फटका मारला की गोलकीपर जागचा हलला नाही. संध्याकाळी त्या बिचाऱ्यानं शिकवल्याप्रमाणे कुणाकुणाची नावं सांगायला सुरुवात केली. सरांनी त्याला गप्प केलं. वहीत एकच ओळ लिहिली, एकच नाव, आणि बाकीचं पान कोरं सोडलं. “यात वाटण्यासारखं काही नाही. हा याचाच.” खोटी नम्रता त्यांना बढाईइतकीच नावडती होती. जे श्रेय दुसऱ्याचं नाही ते त्याला देणं म्हणजे ज्यांना खरोखर दिलं त्यांच्या नोंदीची किंमत घालवणं, असं त्यांचं मत.

हरल्यावर मात्र वही उघडायची नाही. हे मला सुरुवातीला पटत नसे. मी गोलकीपर, खाल्लेला गोलसुद्धा मागून वाचला जावा असं माझ्या जातीला वाटणारच. जाळ्यात गेलेला चेंडू आधी मिडफिल्डमध्ये कुणीतरी गमावलेला असतो, त्यानंतर कुणीतरी मार्किंग, म्हणजे समोरच्या खेळाडूवरची पाळत, सोडलेलं असतं, आणि शेवटी दिसतो फक्त उताणा पडलेला गोलकीपर. मी तसं बोलून दाखवलं. सर म्हणाले, “अरे, हरल्यावर नावं प्रत्येकाला पाठ असतात. जिंकल्यावर नसतात, म्हणून लिहावी लागतात.” चुकलेल्या मुलाशी ते बोलत, पण एकट्याला बाजूला घेऊन, दुसऱ्या दिवशी. चारचौघांत पराभवाबद्दल कुणी विचारलं तर “माझं नियोजन चुकलं” हे ठरलेलं उत्तर. कधीकधी ते धडधडीत खोटं असे. नियोजन उत्तम असायचं, आम्हीच माती खाल्लेली असायची.

आंतरशालेय स्पर्धा जिंकलो तेव्हाचा प्रसंग माझ्या वेळच्या पुष्कळांना आठवत असेल. प्रार्थनेनंतर अभिनंदनाची सूचना वाचायची होती. सरांनी लिहून दिलेला कागद दोन्ही बाजूंनी भरलेला. अकरा खेळाडू, राखीव खेळाडू, मग ‘ब’ संघातली सगळी मुलं. ही मुलं महिनाभर रोज प्रतिस्पर्ध्यांसारखी खेळून आमच्याकडून तयारी करून घेत होती. अंतिम सामन्यात समोरच्या संघाचे कॉर्नर कसे येणार हे आम्हाला त्यांच्यामुळेच ठाऊक झालेलं. प्रत्येक नावापुढे त्यानं काय केलं ते एका वाक्यात. पाचवी-सहावीची पोरं चुळबुळ करायला लागली, पहिला तास सुरू व्हायची वेळ झाली, तरी वाचन चालूच. माझ्या नावापुढे होतं, ‘पहिल्या गोलकीपरला रोज सरावात फटके मारून तयार केलं.’ सामन्यात मी एक मिनिटही उतरलो नव्हतो. आजवर मला बरीच प्रशस्तिपत्रकं मिळाली, पण इतकं अचूक त्यांतलं एकही नाही.

त्या कागदावर सरांचं नाव नव्हतं. इथे मात्र माझं त्यांच्याशी आजही पटत नाही. चेंडू कुठून आला हे शेवटपर्यंत मागे जाऊन शोधायचं, तर प्रत्येक साखळीच्या तळाशी त्यांचंच नाव यायला हवं होतं. जो माणूस नोंदीच्या नेमकेपणाबद्दल एवढा काटेकोर, त्यानं एक नोंद कायम गाळली. ‘प्रशिक्षकाचा पगार चालू असतो’ असं म्हणून ते विषय उडवून लावत. 1966 साली इंग्लंडनं विश्वचषक जिंकला तेव्हा शेवटची शिट्टी झाल्यावरही प्रशिक्षक आल्फ रॅम्से बेंचवर शांत बसून राहिले होते, ही गोष्ट ते मोठ्या कौतुकानं सांगत. मला त्या गोष्टीतलं कौतुक तेवढं कळायचं नाही. उठून नाचला असता तर काय बिघडलं असतं?

त्याच 1966 च्या संघाची पुढची हकीकत सरांना सांगता आली असती तर मजा आली असती. त्या काळी अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांनाच पदकं मिळाली. जिमी ग्रीव्ह्ज हा तेव्हाचा त्यांचा नावाजलेला स्ट्रायकर. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात त्याच्या पायाला दुखापत झाली, त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला आणि अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध त्यानं तीन गोल केले. ग्रीव्ह्ज रिकाम्या हातानं परतला. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं पुढे जुन्या विश्वविजेत्या संघांतल्या राखीव खेळाडूंनाही पदकं द्यायचं ठरवलं आणि 2009 मध्ये लंडनला पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या हस्ते ती दिली गेली. तब्बल त्रेचाळीस वर्षांनी! दुसरा गोलकीपर या नात्यानं मी ती बातमी दोनदा वाचली. पुढच्याच वर्षी, 2010 च्या विश्वचषकात, चौघांचे पाच-पाच गोल झाले आणि सर्वाधिक गोलांसाठीचा ‘गोल्डन बूट’ जर्मनीच्या थॉमस म्युलरला मिळाला, कारण त्यानं तीन गोलांसाठी पास दिले होते, बाकीच्यांनी एकेका. म्हणजे निदान सरांच्या वहीतली दुसरी ओळ जगानं मान्य केली. ‘चेंडूशिवाय’चा रकाना अजून कुठे दिसत नाही. आइस हॉकीत एका गोलासाठी दोघांपर्यंत पासचं श्रेय नोंदवतात, पण पळून जागा करून देणाऱ्याला तिथेही काही नाही.

सरांची वही पुढे कुणाकडे गेली ते मी बऱ्याच जणांना विचारलं. पत्ता लागला नाही. संघाचं छायाचित्र मात्र संपादक मंडळाकडे आहे आणि ते या स्मरणिकेत छापलं जाणार असल्याचं मला कळलं. त्यात आम्ही खुर्च्यांवर आणि मागे उभे असलेले आहोत, पुढे जमिनीवर करंडक आहे, सर एका टोकाला अर्धे चौकटीबाहेर. ‘ब’ संघातलं कुणीही त्यात नाही, कारण फोटोग्राफर आला तेव्हा ती मुलं मैदानावर गोलची जाळी सोडत होती. त्यांच्यापैकी सहा जणांची नावं मला आठवली, ती मी मंडळाला कळवली आहेत. उरलेली ज्यांना आठवत असतील त्यांनी शाळेच्या कार्यालयात जरूर कळवावीत. आणि कृपा करून, नुसतं नाव देऊ नका. तो कुठे खेळायचा आणि काय करायचा, तेही लिहा.