सफरचंदाच्या रसात नेमकं कोण होतं: माझा अनुभव

सफरचंदाचा ताजा रस यीस्ट न घालता झाकून ठेवला, तरी दोन-तीन दिवसांत तो आपोआप फसफसू लागतो. तो कोण आंबवतं, एवढंच मला शोधायचं होतं. वहीच्या पहिल्या पानावर मी अंदाज लिहिला होता, ‘सहा आठवडे’. प्रत्यक्षात सात महिने लागले.

एकाच दिवशी काढलेला रस सहा बरण्यांत भरला. तीन बरण्या १२ अंशांवर ठेवल्या, तीन २२ अंशांवर. यीस्ट नाही, जंतूंना रोखणारं सल्फाइटही नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीतला थेंब डब्ल्यूएल आगर या यीस्ट वाढवायच्या पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरला. या माध्यमात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे रंगद्रव्य असतं आणि वेगवेगळी यीस्ट ते कमीजास्त शोषतात. सहाही प्लेट चपट्या, गर्द हिरव्या वसाहतींनी भरून गेल्या. सूक्ष्मदर्शकाखाली लिंबाच्या आकाराच्या पेशी दिसल्या, म्हणजे हॅन्सेनियास्पोरा हे रानटी यीस्ट. सॅकरोमायसीसची, म्हणजे वाइन आंबवणाऱ्या नेहमीच्या यीस्टची, मलईसारखी, उंचवट्याची वसाहत एकही नव्हती. मी खूप निराश झाले.

तेव्हा मला एक गोष्ट नुसती वाचून माहीत होती, पुरती कळलेली नव्हती. निरोगी फळाच्या सालीवर सॅकरोमायसीस अगदी विरळ असतं. ते जिंकतं ते नंतर. भरपूर साखर मिळाली की ऑक्सिजन असतानाही ते श्वसन बाजूला ठेवून अल्कोहोल बनवतं, आणि त्याच अल्कोहोलमध्ये बाकीचे मागे पडत जातात. दहाव्या दिवशी गरम बरण्यांच्या प्लेटवर फक्त मलईरंगी वसाहती होत्या. थंड बरण्यांना तेच व्हायला सतरा दिवस लागले. दुसऱ्याच दिवशी काम थांबवलं असतं, तर रस हॅन्सेनियास्पोरानेच आंबवला असं मी लिहून मोकळी झाले असते.

दोन्ही गटांतून वीस-वीस वसाहती उचलल्या. रायबोसोमच्या जनुकांमधला आयटीएस हा भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढणाऱ्या पद्धतीने, वाढवला आणि एचएई३ या डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या विकराने कापला. सॅकरोमायसीसमध्ये हा भाग साधारण ८८० बेसचा, म्हणजे डीएनएच्या ८८० अक्षरांचा, असतो. कापल्यावर त्यातल्या सेरेव्हिसी या प्रजातीचे चार तुकडे पडतात, अंदाजे ३२०, २३०, १८० आणि १५०. उवारम या दुसऱ्या प्रजातीचे तीनच पडतात, ५००, २३० आणि १३० च्या आसपास. हे तुकडे लांबीनुसार वेगळे दाखवणाऱ्या माझ्या जेलवर काही रांगांमध्ये सहा-सहा पट्टे आले. दोन दिवस मी विकराला दोष देत होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, “तुकड्यांची बेरीज कर बरं.” बेरीज पंधराशेच्या आसपास गेली. ८८० चा तुकडा कापून पंधराशे कसे होतील? एकाच वसाहतीत दोन यीस्ट होती. उचललेली वसाहत मी नव्या प्लेटवर रेघा ओढून, म्हणजे पुन्हा स्ट्रीक करून, शुद्ध केलीच नव्हती. मग चाळीसच्या चाळीस तीन-तीन वेळा स्ट्रीक केल्या. त्यात जवळजवळ महिना गेला. पण आजही हे काम कुणी नव्याने शिकायला आलं, तर मी आधी हेच शिकवते.

शुद्ध वसाहतींचं जेल मात्र स्वच्छ आलं. २२ अंशांच्या सगळ्या वसाहती सेरेव्हिसी, १२ अंशांच्या सगळ्या उवारम. खात्रीसाठी दोन्ही ३७ अंशांवर वाढवून पाहिल्या. सेरेव्हिसी जोमाने वाढलं, उवारमची प्लेट कोरी राहिली. रस एकच, फळं तीच, फरक फक्त दहा अंशांचा, आणि आंबवणारी प्रजातीच बदलली! त्या संध्याकाळी मी बराच वेळ त्या दोन प्लेट नुसत्या पाहत बसले होते.

पुढचा धक्का प्रजातीच्या आतले वाण ओळखताना बसला. सेरेव्हिसीच्या जीनोममध्ये डेल्टा नावाचे क्रम जागोजागी विखुरलेले असतात. दोन डेल्टांमधली अंतरं पीसीआरने पाहिली की प्रत्येक वाणाचा स्वतःचा ठसा मिळतो. माझ्या वीसही वसाहतींचा ठसा एकच निघाला. आपोआप आंबणाऱ्या रसात सहसा अनेक वाण सापडतात, त्यामुळे मला शंका आली. फ्रीझरमधल्या वाणांशी ताडून पाहिलं, तर आदल्या हंगामात रस काढायच्या त्याच दाबयंत्रावर वापरलेल्या विकतच्या वाइन यीस्टशी तो पट्टा न् पट्टा जुळला. शिवाय त्यात आठव्या आणि सोळाव्या गुणसूत्रांची ती प्रसिद्ध अदलाबदलही होती. तिच्यामुळे एसएसयू१ हे जनुक जास्त जोरात चालतं आणि पेशी सल्फाइट बाहेर फेकते. वाइनच्या पिंपांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सल्फाइट सोसत आलेल्या वाणांची ती खूण आहे. म्हणजे माझं ‘रानटी’ यीस्ट गाळणीच्या कापडातून आलं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

मॅडमनी ते टाकू दिलं नाही. “तुलना करायला याहून चांगलं काय मिळणार?” म्हणाल्या. म्हणून दोन्ही यीस्ट गाळून निर्जंतुक केलेल्या रसात वेगवेगळी घातली आणि फ्लास्क रोज तोलले. ग्लुकोज असो वा फ्रुक्टोज, १८० ग्रॅम साखरेतून ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो, त्यामुळे वजनातली घट म्हणजेच किण्वनाचा वेग. यापेक्षा साधी आणि विश्वासू पद्धत मला अजून सापडलेली नाही. १२ अंशांवर उवारम दुसऱ्या दिवशीच सुरू झालं, सेरेव्हिसी पाचव्या दिवशी. शेवटी उवारमने साखर संपवली. सेरेव्हिसीने लिटरमागे ९ ग्रॅम फ्रुक्टोज तसंच सोडलं. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या दुपटीहून जास्त असतं, आणि पेशीत साखर नेणारे वाहक ग्लुकोजला अधिक सहज धरतात. थंडीत मंदावलेल्या पेशीला ते शेवटचं फ्रुक्टोज जड जातं. २२ अंशांवर मात्र सेरेव्हिसीच दोन दिवस पुढे होतं.

चौथ्या दिवशी सेरेव्हिसीच्या गरम फ्लास्कमधून सडक्या अंड्यांचा वास यायला लागला. मिथिओनिन आणि सिस्टीन बनवण्यासाठी यीस्ट सल्फेटपासून सल्फाइड तयार करतं, पण ते पकडून ठेवणारा रेणू बनवायला नायट्रोजन लागतो. माझ्या रसात यीस्टला वापरता येईल असा नायट्रोजन लिटरमागे जेमतेम ६२ मिलिग्रॅम होता. त्यामुळे सल्फाइड वायू होऊन निसटत होतं. नायट्रोजन पुरवणारं डायअमोनियम फॉस्फेट घातल्यावर काही तासांत वास ओसरला. दुसऱ्या एका फ्लास्कमध्ये तेच मी उशिरा घातलं, तेव्हा फारसा उपयोग झाला नाही, कारण अल्कोहोल वाढलं की पेशीला अमोनियम आत घेणं अवघड होतं. उवारमच्या फ्लास्कला मात्र गुलाबाच्या पाकळ्यांसारखा वास होता. तो फिनाइलइथेनॉलचा, आणि तो बनवण्यात उवारम सेरेव्हिसीपेक्षा पुढे असतं.

राहिले उवारमचे वाण. त्यात डेल्टा क्रम फारसे नसल्यामुळे आधीची पद्धत चालली नाही, सूक्ष्म-उपग्रह क्रम, म्हणजे डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे, वापरावे लागले. वीस वसाहतींतून सहा वेगळे ठसे निघाले. उवारमच्या काही वाणांत युबायानस या नातेवाइकाच्या जीनोमचे तुकडे मिसळलेले असतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या सहांमध्ये ते आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांचे डीएनए काढून ठेवले आहेत. पेशी ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर आहेत.

या हंगामात दाबयंत्राचं कापड नवं घेतलं आणि उकळलं. यंत्र धुतलं, आणि फळं टाकण्याआधी शेवटच्या धुण्याचं पाणी प्लेटवर पसरून ठेवलं. तिसऱ्या दिवशीही प्लेट कोरी होती. मग पहिली पाटी आत ओतली.