सीझियमचा स्रोत सोपवताना गेलेले अकरा महिने

आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरात शिशाच्या जड भांड्यात सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाचा एक बंदिस्त स्रोत पडून होता. किरणोत्सर्ग मोजणारे मीटर कॅलिब्रेट करायला 1994 मध्ये घेतलेला. तीस वर्षं म्हणजे सीझियमचं साधारण एक अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, त्यामुळे इतक्या काळानंतरही तो निम्मा शिल्लकच होता. तो साठवण केंद्राकडे रीतसर सोपवायचं काम माझ्याकडे आलं.

परवानगी, वाहतूक सगळं पटापट ठरलं. गाडं अडलं एका रकान्यात: स्रोताचा अनुक्रमांक. भांड्यावर कोरलेला क्रमांक मी लिहिला. सात आठवड्यांनी अर्ज परत आला. म्हणे हा भांड्याचा क्रमांक, स्रोताचा नव्हे. स्रोताचा क्रमांक आतल्या छोट्या कॅप्सूलवर असतो. तो वाचायचा तर भांडं उघडायला हवं, आणि ते आमच्यासारख्यांनी उघडायचं नसतं. मूळ प्रमाणपत्र हरवलेलं, बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. हे सगळं सविस्तर कळवलं, तर उत्तर आलं, 'क्रमांकाचा फोटो जोडावा.' पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा ते वाचलं तेव्हा माझे हात रागाने थरथरत होते. तेवढ्यात गळती चाचणीचा अहवालही जुना झाला. भांडं बाहेरून पुसायचं, तो कापूस मोजायचा, सगळं पहिल्यापासून.

'राहू दे तिथंच, कुलूप आहे ना,' असं सहकारी म्हणू लागले. मला ते ऐकवत नव्हतं. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात 1987 मध्ये, सोडून दिलेल्या दवाखान्यातलं सीझियमचं उपचारयंत्र भंगारात गेलं. आतली निळसर चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली. चौघांचा जीव गेला, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे तीस वर्षांनी कोण सांगणार?

शेवटी केंद्रातल्या एका तंत्रज्ञांशी थेट फोनवर बोलता आलं. त्यांनी पाच मिनिटांत वाट दाखवली. भांडं न उघडता बाहेरून गॅमा वर्णपट घ्या, म्हणजे बाहेर येणारे गॅमा किरण कोणत्या ऊर्जेचे किती आहेत ते मोजा. 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला शिखर दिसलं की आत सीझियम आहे हे सिद्ध होतं. मग खरेदीच्या नोंदवहीतल्या आकड्यावरून आजची तीव्रता काढा आणि मोजमापाशी ताडून बघा. दोन्ही जुळलं, अर्ज मंजूर झाला. हे पहिल्याच पत्रात सांगता आलं नसतं का?

तेव्हा आधी फोन करा, पत्रं नंतर. स्रोत विकत घेतानाच तो परत घेण्याची हमी विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि हो, आयोडीन-131 सारखा अल्पायुषी किरणोत्सर्गी कचरा अशा दीर्घायुषी स्रोतांत मिसळू नका. त्याचं अर्धायुष्य आठच दिवसांचं. ऐंशी दिवस वेगळा ठेवला की तो हजारावा हिस्सा उरतो.

गाडी गेल्यावर मी मीटर घेऊन त्या खोलीचा कोपरा न् कोपरा फिरले. काटा नेहमीच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या पातळीवरच होता. मग पोचपावतीवरचा क्रमांक नोंदवहीत लिहिला, आणि पावतीच्या प्रती तीन वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या.